गाठ आतड्याची, मुक्काम लिव्हरचा

भांडगाव पुणे-सोलापूर महामार्गावर, यवत आणि चौफुल्याच्या मधे आहे. इथल्या माणसाला पोटाचं काही दुखणं निघालं की त्याचा रस्ता ठरलेला असतो. आधी यवत नाहीतर केडगावचा डॉक्टर, मग सोनोग्राफी, मग हडपसर किंवा पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, आणि प्रकरण वाढलंच तर परळचं टाटा. सोनोग्राफीच्या कागदावर कधी कधी ‘एसओएल’ अशी तीन अक्षरं असतात. लिव्हरमध्ये काहीतरी जागा अडवून बसलंय, एवढंच त्यातून कळतं. पण कागद घरी पोचेपर्यंत त्याचा ‘लिव्हरचा कॅन्सर’ झालेला असतो आणि भेटायला येणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात एकच विचारतो, “पण ते तर घेत नव्हते ना?”

हा माळकऱ्यांचा मुलूख. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघते ती याच रस्त्याने. आयुष्यभर दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या बायको-मुलांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? उत्तर खरं तर सोपं आहे. दारू, कावीळ बी आणि सी, चरबीने सुजलेलं लिव्हर यांतून होणारा लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर वेगळा. आणि मोठ्या आतड्यात, जठरात किंवा स्वादुपिंडात जन्मलेला, रक्तातून येऊन लिव्हरमध्ये वाढणारा कॅन्सर वेगळा. दुसरा प्रकार दारूला न शिवलेल्या माणसालाही होतो. त्या गाठीचा तुकडा सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर लिव्हरच्या पेशींच्या मधोमध आतड्यातल्यासारख्या ग्रंथी दिसतात. पॅथॉलॉजिस्ट त्यावर खास रंग चढवतो आणि सीके२०, सीडीएक्स२ अशी प्रथिनं आहेत का ते पाहतो. ती सापडली की गाठीचं मूळ बहुधा आतड्यात आहे, हे उघड होतं. औषधंही त्यानुसारच ठरतात. आतड्याच्या कॅन्सरला द्यायची केमोथेरपी एक आणि लिव्हरच्या स्वतःच्या कॅन्सरची औषधं सर्वस्वी दुसरी. म्हणून ‘लिव्हरचा कॅन्सर’ आणि ‘लिव्हरला गेलेला आतड्याचा कॅन्सर’ यांत गल्लत होऊन चालत नाही.

हे सगळं पाठ्यपुस्तकी झालं आणि ते खरंही आहे. पण गेल्या आठ-दहा वर्षांत त्याच्या पुढची गोष्ट हाती आली आहे. आतड्यातून निघालेली पेशी लिव्हरमध्ये पोचते तेव्हा ती निघताना होती तशी राहिलेली नसते. वाटेत एकदा आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा एकदा ती आपला प्रकार बदलते. काही वेळा तर आपण आतड्याची आहोत हेच विसरून जाते. यातलं काहीही ती नव्याने शोधून काढत नाही. शरीराकडे आधीपासून असलेल्या युक्त्या ती उचलते. माझ्या मते या आजाराशी झुंजणं इतकं अवघड आहे त्याचं मुख्य कारण हेच आहे.

आधी लिव्हरच का, ते पाहू. हात, पाय, मेंदू, मूत्रपिंड यांतलं अशुद्ध रक्त सरळ हृदयाकडे परततं. पोटातलं तसं जात नाही. जठर, लहान आतडं, मोठं आतडं, स्वादुपिंड, प्लीहा या सगळ्यांचं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेत गोळा होतं आणि आधी लिव्हरमध्ये जातं. जेवणातून आलेली साखर, प्रथिनांचे तुकडे, औषधं, जंतूंची घाण यांची पहिली छाननी तिथे होते. मोठ्या माणसाच्या लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं आणि त्यातलं सुमारे पाऊण या शिरेतून येतं. म्हणजे दिवसाला दीड हजार लिटरच्या वर रक्त आतड्याकडून लिव्हरकडे जातं. आतड्यातल्या गाठीतून एखादी पेशी सुटून शिरेत पडली तर तिला लागणारा पहिला मोठा अवयव लिव्हरच. याला पुरावा गुदाशयाच्या खालच्या टोकाचा आहे. तिथलं बरंचसं रक्त पोर्टल व्हेनमध्ये न जाता थेट मोठ्या शिरेत जातं, आणि तिथल्या कॅन्सरमध्ये लिव्हरला वगळून पहिल्यांदा फुप्फुसात गाठी दिसण्याचं प्रमाण जास्त असतं.

लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्याही इतर ठिकाणच्यांपेक्षा वेगळ्या असतात. त्यांच्या भिंतीला भोकं असतात आणि भिंतीमागे धड अस्तरही नसतं. रक्त लिव्हरच्या पेशींना जवळजवळ भिजवत जावं म्हणून ही रचना आहे. दुसऱ्या अवयवात घुसायला कॅन्सरच्या पेशीला भिंत भेदावी लागते, इथे ते काम निम्मं झालेलंच असतं.

मग सगळा हिशेब रक्ताच्या वाटेचाच का? १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट या शल्यचिकित्सकाने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. स्तनातलं रक्त काही आधी लिव्हरमध्ये जात नाही, तरी लिव्हरमध्ये गाठी भरपूर सापडल्या. प्लीहेलाही रक्त मुबलक मिळतं, पण तिथे गाठी फारच थोड्या होत्या. पॅजेटने निष्कर्ष काढला की बी आणि जमीन दोन्ही जुळावी लागतात. १९२८ साली अमेरिकेच्या जेम्स ईविंगने त्याला विरोध केला. त्याचं म्हणणं, रक्त आणि लसिका यांचे मार्गच सगळं ठरवतात. पुढची पन्नासएक वर्षं ईविंगचीच बाजू वरचढ राहिली. पोटाच्या कॅन्सरपुरते दोघेही बरोबर होते, असं आता म्हणता येतं. ईविंगने पेशी लिव्हरपर्यंत का पोचते ते सांगितलं, पॅजेटने ती तिथे का रुजते ते सांगितलं. पोचलेल्या पेशींपैकी बहुतेक सगळ्या तासा-दिवसांत मरतात. रक्ताच्या दाबाने फुटतात, नाहीतर लिव्हरमध्ये ठाण मांडून बसलेल्या कुप्फर पेशी त्यांना गिळतात. उरतात त्या अगदी थोड्या. त्या थोड्यांमध्ये असं काय असतं, हा खरा प्रश्न.

बरीच वर्षं वाटत होतं की उत्तर जनुकांत सापडेल. मूळ गाठीत नसलेला एखादा खास बिघाड लिव्हरमधल्या गाठीत असेल आणि त्यानेच पेशीला पाय फुटले असतील. हजारो गाठींचे जनुकीय नकाशे काढून झाले. एपीसी, केरास, पी५३ या जनुकांतले नेहमीचे बिघाड मूळ गाठीत जे, तेच बहुतेक वेळा लिव्हरमध्येही दिसले. स्थलांतराचा म्हणून ठरलेला असा बिघाड काही सापडला नाही.

भांडगावच्या शेतकऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. उभ्या उसाच्या प्रत्येक कांडीवर डोळा असतो. शेंड्याचा जोर आहे तोवर ते डोळे निजलेले असतात. वाऱ्याने ऊस लोळला किंवा शेंडा मोडला की त्याच डोळ्यांतून पांगशा फुटतात, आणि तोच ऊस तोडून बेणं म्हणून सरीत दाबला तर त्यातून अख्खं बेट उभं राहतं. जात बदललेली नसते. अंगात जे होतं, ते परिस्थिती पालटल्यावर जागं होतं.

पेशीचंही असंच आहे. आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच. लिव्हरची पेशी आणि आतड्याची पेशी वेगळ्या ठरतात त्या कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद यावरून. आतड्याचं अस्तर तर या बाबतीत फारच चपळ. ते चार-पाच दिवसांत पूर्ण बदलतं. अस्तरातल्या खळग्यांच्या तळाशी मूळपेशी असतात. २००७ साली नेदरलंड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने त्या एलजीआर५ या प्रथिनावरून ओळखल्या. त्या सतत दुभंगतात, नव्या पेशी वर सरकतात. वर सरकता सरकता कुणी अन्नरस शोषणारी होते, कुणी चिकट स्राव करणारी, आणि शेवटी गळून पडते. म्हणजे पोटात रोज कोट्यवधी पेशी आपला प्रकार बदलत असतातच. कॅन्सरला ही सवय फुकटात मिळते.

आता प्रवास पाहू. अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ई-कॅडेरिन नावाचं प्रथिन आणि डेस्मोसोम नावाचे जोड यांनी ही पकड बनते. अशी बांधलेली पेशी कुठे जाऊ शकत नाही. निघायचं तर पकड सैल करावी लागते, चौकोनी घाट सोडून लांबुळकं व्हावं लागतं, वाटेतलं जाळं विरघळवत सरपटावं लागतं. गर्भात हे काम नेहमीचं. गर्भाच्या पेशी एका थरातून सुटून दुसरीकडे जातात, तेव्हाच हृदयाच्या झडपा किंवा चेहऱ्याची हाडं घडतात. अमेरिकेच्या एलिझाबेथ हे यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत दाखवून दिलं की पूर्ण वाढलेल्या अस्तराच्या पेशीही योग्य परिस्थितीत असं रूपांतर करू शकतात. स्नेल, ट्विस्ट, झेब अशी काही प्रथिनं या बदलाची कळ दाबतात. कॅन्सरच्या पेशी हीच कळ वापरतात, पण ती क्वचितच पूर्ण दाबतात. बहुतेक पेशी अर्धवट बदलतात, थोडी पकड ठेवतात आणि पाच-दहांच्या टोळीने सुटतात. एकट्या सुटलेल्या पेशीपेक्षा टोळीला नव्या जागी तग धरणं सोपं जातं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

ही पकड सुटण्याच्या गोष्टीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. त्याची मुळं पुण्यात निघतात. कमल रणदिवे १९१७ साली पुण्यात जन्मल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण मुलगी संशोधनाकडे वळली. मुंबईत वसंत खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. केल्यावर त्या अमेरिकेला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या शरीराबाहेर अखंड वाढणाऱ्या पहिल्या मानवी पेशी, हेला, ज्यांच्या प्रयोगशाळेत जगल्या तेच हे गाय. परतल्यावर रणदिव्यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी बशीत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते. गाठ बशीत वाढवता येत नसेल तर ती आपला प्रकार कसा बदलते हे डोळ्यांनी पाहता येत नाही, म्हणून या कामाचं मोल मोठं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पुण्यात त्यांच्या नावाने काहीतरी मोठं असायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

त्या केंद्राचंच आजचं रूप म्हणजे खारघरचं ॲक्ट्रेक, टाटा मेमोरियलची संशोधन शाखा. तिथे सोरब दलाल यांच्या गटाने २००८ साली डेस्मोसोममधल्या प्लॅकोफिलिन ३ या एका प्रथिनावर काम प्रसिद्ध केलं. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींत हे एकच प्रथिन कमी केलं, तर पेशींची पकड ढिली झाली, त्यांची हालचाल वाढली आणि उंदरांत त्या दूरवर पसरू लागल्या. २०१२ साली त्याच गटाने आणखी एक दुवा जोडला. प्लॅकोफिलिन ३ गेलं की पीआरएल-३ नावाचं दुसरं प्रथिन वाढतं. हे नाव त्याआधीच पुढे आलं होतं. २००१ साली जॉन्स हॉपकिन्सच्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने लिव्हरला गेलेल्या आतड्याच्या गाठी तपासल्या होत्या. अठराच्या अठरा गाठींत पीआरएल-३ वाढलेलं होतं, आणि मूळ गाठींत मात्र त्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे आतड्यात पकड सुटणं आणि लिव्हरमध्ये वाढणं ही एकाच साखळीची दोन टोकं असावीत, असा अंदाज बांधता येतो.

पण पकड सुटलेली, सरपटणारी पेशी गाठ बांधत नाही. गाठ बांधायला पुन्हा शेजारणीला धरावं लागतं, पुन्हा अस्तराची पेशी व्हावं लागतं. वाटेवरचं रूप लिव्हरमध्ये उतरवून ठेवणं ही या गोष्टीतली सगळ्यात विलक्षण पायरी आहे, आणि ती पार करायला मदत कोण करतं याचं उत्तर २०२४ साली झुरिकहून आलं. आंद्रेआस मूर यांच्या गटाने उंदराच्या लिव्हरमध्ये प्रत्येक पेशीत एखादंच निवडक जनुक जोरात चालू केलं, इथे एक, तिथे दुसरं. मग कॅन्सरच्या पेशी सोडल्या आणि त्या कुणाच्या शेजारी जाऊन रुजतात ते पाहिलं. सगळ्यांत जास्त पसंती प्लेक्सिन बी२ हे प्रथिन वाढलेल्या लिव्हर-पेशींना मिळाली. कॅन्सरच्या पेशीवरच्या सेमाफोरिन नावाच्या प्रथिनांना हे प्लेक्सिन भेटलं की कॅन्सरच्या पेशीत केएलएफ४ नावाचं प्रथिन जागं होतं, आणि ती परत अस्तराच्या पेशीसारखी वागू लागते. लिव्हरमधून प्लेक्सिन बी२ काढून टाकल्यावर उंदरांत गाठी रुजणं थांबलं. रुजणाऱ्या पेशीला तिचं जुनं रूप परत देणारी दुसरी कुणी नसून लिव्हरची निरोगी पेशीच होती!

लिव्हरचा हा मदतीचा स्वभाव दुसऱ्याही पद्धतीने दिसतो. आतड्याच्या गाठी लिव्हरमध्ये मुख्यतः दोन तऱ्हांनी वाढतात. काहींच्या भोवती धाग्यांचं जाड कुंपण तयार होतं. त्या गाठी बाजूला राहतात आणि शस्त्रक्रियेनंतर अशा रुग्णांची प्रकृती सहसा बरी राहते. दुसऱ्या प्रकारात कॅन्सरची पेशी लिव्हरच्या पेशीच्या जागी हळूच बसते, त्याच ओळीत, त्याच रक्तवाहिनीला लागून. स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या काढायची तिला गरजच पडत नाही. त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या रोखणारी औषधं अशा गाठीवर फारशी चालत नाहीत.

इथे उसाच्या पट्ट्यातली एक समजूत खोडून काढायला हवी. कॅन्सर झाला की घरोघरी रुग्णाची साखर, गूळ, चहा बंद होतो, कारण ‘साखर तोडली की गाठ उपाशी मरते’. लिव्हरमधल्या गाठीच्या बाबतीत तर हे हास्यास्पद आहे. रक्तात साखर सोडणारा मुख्य अवयव लिव्हरच आहे. तुम्ही दोन दिवस काही खाल्लं नाही तरी ते साठ्यातून आणि प्रथिनांतून साखर बनवून रक्तात सोडत राहतं. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, पण नसेल तर वजन घटत चाललेल्या माणसाच्या कपातला गूळ काढून गाठीचं काही बिघडत नाही, बिघडतं ते माणसाचं.

पुन्हा पेशीच्या रूपाकडे येऊ. पकड सोडून परत धरावी, तशी मूळपेशीपणाचीही फिरवाफिरव होते. २०१७ साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. आतड्याच्या गाठीतल्या एलजीआर५ असलेल्या पेशी तेवढ्या मारल्या. मूळ गाठ फारशी आटली नाही, कारण इतर पेशींनीच ती जागा भरून काढली. पण लिव्हरमध्ये गाठी रुजणं बंद झालं. म्हणून सगळ्यांना वाटलं, प्रवासाला निघते ती एलजीआर५ पेशीच. २०२० साली अॅमस्टरडॅमच्या याको व्हान रिनेन यांच्या गटाने जिवंत उंदरांत पेशींचा माग काढला तेव्हा उलटंच दिसलं. आतड्यातून सुटणाऱ्या बहुतेक पेशींत एलजीआर५ नव्हतंच. ते लिव्हरमध्ये पोचल्यावर पुन्हा उगवलं. म्हणजे निघताना मूळपेशीपण टाकून द्यायचं आणि वाढायच्या वेळी ते परत घ्यायचं. दोन्ही प्रयोग खरे होते, फक्त त्यांनी प्रवासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पाहिलं होतं.

माणसांतला चित्रपट मात्र न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये दिसला. करुणा गणेश आणि डाना पेएर यांच्या गटाने ३१ रुग्णांच्या शस्त्रक्रियेत निघालेले तीन-तीन तुकडे घेतले: निरोगी आतडं, आतड्यातली गाठ आणि पसरलेली गाठ. प्रत्येक तुकड्यातल्या एकेका पेशीत कुठली जनुकं चालू आहेत ते वाचलं. २०२४च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये निकाल आले. आतड्यातल्या गाठीत पेशी बऱ्याचशा आतड्यासारख्या होत्या. पसरलेल्या गाठीत आतड्याची ओळख पुसट होत गेली आणि आधी गर्भातल्या आतड्यासारखी, अजून काय व्हायचं ते न ठरवलेली अवस्था दिसली. त्यापुढे काही पेशी भलत्याच वाटेला लागल्या होत्या. काही त्वचेसारख्या चपट्या, काही मज्जा-ग्रंथींच्या पेशींसारख्या. आतड्यात या पेशी अशा नसायला हव्यात. प्रॉक्स१ नावाचं एक प्रथिन या भलत्या वाटा रोखून धरतं आणि ते कमी झालं की वाटा उघडतात, असंही दिसलं.

गर्भाची अवस्था इथे का आठवावी? आतडं, जठर, स्वादुपिंड आणि लिव्हर हे सगळे गर्भात एकाच आतल्या थरातून फुटतात. लिव्हरचा अंकुर चौथ्या आठवड्यात त्या नळीलाच येतो. त्या टप्प्यावर पेशीपुढे अनेक वाटा खुल्या असतात आणि मग एकेक बंद होत जाते. पण त्या कायमच्या बंद होत नाहीत. आतड्याला जखम झाली, आमांश किंवा कोलायटिसने अस्तर उखडलं की जखमेच्या कडेच्या पेशी थोडा काळ गर्भासारख्या होतात, जखम भरतात आणि परत शहाण्या होतात. २०२० साली करुणा गणेश यांच्याच कामात एक गोष्ट पुढे आली होती. एल१कॅम हे प्रथिन जखमी आतडं भरून येण्याला लागतं, आणि तेच पसरलेल्या गाठी रुजण्यालाही लागतं. कॅन्सरची पेशी जखम भरण्याचाच कार्यक्रम चालवते. फरक इतकाच की तो संपवत नाही.

पेशीचा प्रकार प्रवासाचा पत्ताही ठरवतो. याचं आपल्याकडचं उदाहरण २०१७ साली टाटा मेमोरियलने प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत आहे. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरच्या या रुग्णांचं सरासरी वय ४७ निघालं. पाश्चात्त्य देशांत ते याहून बरंच जास्त असतं. त्यातल्या १३ टक्के गाठी ‘सिग्नेट रिंग’ प्रकारच्या होत्या. या पेशीच्या पोटात स्राव साठतो आणि केंद्रक कडेला ढकललं जातं, त्यामुळे ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. युरोप-अमेरिकेत हा प्रकार शंभरात एखादा. आणि या पेशी लिव्हरपेक्षा पोटाच्या पडद्यावर पसरणं पसंत करतात, म्हणून सोनोग्राफीत लिव्हर स्वच्छ दिसलं तरी पोटात पाणी भरू शकतं. एकंदरीत आपल्या ग्रामीण भागात आतड्याचा कॅन्सर अजूनही कमी आहे. भांडगावाहून याच दिशेने पुढे, सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. तिथे १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली आणि तिच्या आकड्यांत आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबई-पुण्याच्या मानाने बरंच कमी आहे. पण ज्यांना होतो त्यांना तरुणपणी होतो, आणि मूळव्याध समजून वर्ष-सहा महिने निघून जातात. टाटाच्या त्याच पाहणीत निम्म्याहून जास्त रुग्ण शौचावाटे रक्त जाण्याची तक्रार घेऊन आले होते.

स्वादुपिंडाचं प्रकरण याहून कठीण. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच कॅन्सरने गेले, तेव्हा तो किती झपाट्याचा असतो हे घरोघरी समजलं. २०१५ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की स्वादुपिंडाची गाठ आपल्या पेशी पाठवण्याआधीच बारीक पुड्या रक्तात सोडते. लिव्हरच्या कुप्फर पेशी त्या गिळतात आणि मग लिव्हरची जमीन बी पडण्याआधीच बदलू लागते.

हे सगळं कळून रुग्णाच्या हाती काय लागतं? खरं सांगायचं तर पेशीचं रूपांतरच रोखणारं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. व्हॉट्सॲपवर उंदरांचे प्रयोग ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून फिरतात, त्यावर विश्वास ठेवू नये. प्लेक्सिन बी२ लिव्हरच्या निरोगी पेशींवर असतं, एल१कॅम जखमा भरतं. शरीराच्याच कामाच्या गोष्टी आंधळेपणाने बंद केल्या तर त्रास आधी शरीराला होईल. पण जुने उपाय सुधारले आहेत. आतड्याच्या गाठी लिव्हरमध्ये मोजक्या असतील तर त्या कापून काढता येतात. लिव्हर निरोगी असेल तर त्याचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेलं काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतं. अशी शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या दहा रुग्णांपैकी साधारण चार जण पाच वर्षांनंतर जगलेले असतात. पूर्वी हे मानायला फार कुणी तयार झालं नसतं. ‘लिव्हरला गेलंय म्हणजे संपलं’ हे वाक्य आतड्याच्या कॅन्सरपुरतं तरी चुकीचं ठरलं आहे.

केरास वगैरे जनुकांतले बिघाड मूळ गाठीत आणि लिव्हरमधल्या गाठीत बहुतेक सारखे असतात, त्यामुळे त्यांची तपासणी जुन्या तुकड्यावरही चालते. पेशीचा प्रकार मात्र बदललेला असू शकतो. उपचार चालेनासे झाले आणि डॉक्टरांनी लिव्हरमधल्या गाठीची नवी बायोप्सी सुचवली तर “एकदा झालीय की” म्हणून नाकारू नका. आणि पुण्यातून मुंबईला जाताना नुसते रिपोर्टचे कागद घेऊन निघू नका. बायोप्सीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. तो ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड जिथे तपासणी झाली त्या लॅबकडून मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात त्या पुन्हा तपासतात, आणि गाठ कुठून निघाली व काय होऊन बसली आहे हे कागदापेक्षा त्या काचेवर जास्त नीट वाचता येतं.